शब्दाचे दोन अर्थ आणि यंत्राचा एक

उचगांव म्हटलें म्हणजे कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढें करवीर तालुक्यांतील, शहराच्या पूर्वेस पुणें-बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेलें गांव उभें राहतें. बेळगांवकराच्या डोळ्यांपुढें उभें राहणारें उचगांव निराळें; तें मळेकरणी देवीचें आणि सीमाभागांतील मराठी साहित्य संमेलनाचें. दोन्हीं ठिकाणीं मराठी बोलतात, दोहोंचें नांव अक्षरशः एक, आणि दोहोंमध्यें शंभराहून अधिक किलोमीटरांचें अंतर. पाकिटावर ‘उचगांव’ एवढेंच लिहिलें तर टपालखात्यानें तें कोठें न्यावें? राज्याचें नांव घालावें म्हटलें, तरी असाहि एक काळ होऊन गेला कीं त्यानेंसुद्धां शंका फिटली नसती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबईंत विलीन झालें आणि बेळगांव १ नोव्हेंबर १९५६ रोजीं म्हैसूर राज्यांत गेलें; मधलीं साडेसात वर्षें हीं दोन्हीं उचगांवें एकाच मुंबई राज्यांत नांदत होतीं.

या जातीच्या घोटाळ्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजीं उपाय निघाला. त्या दिवशीं टपालखात्यानें सहा आंकड्यांचा पिन सुरू केला. पहिला आंकडा देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपाल वेगळें करण्याचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन नेमकी टपालकचेरी सांगतात. करवीरच्या उचगांवचा पिन ४ नें सुरू होतो, बेळगांवकडील उचगांवचा ५ नें. पत्रें लावणाऱ्या मनुष्याला मराठी येवो वा न येवो, पहिल्याच आंकड्यावर दोन्हीं गांवें एकमेकांपासून दूर होतात. ही योजना ज्यांच्या बुद्धींतून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–१९९९) टपालखात्यांतील वरिष्ठ अधिकारी होते, कोंकणांतले होते आणि संस्कृत भाषेचे नामांकित कवि व नाटककारहि होते. ज्या भाषेंत एका श्लोकांत दोन अर्थ साधणें ही कवीची परीक्षा मानतात, त्या भाषेंत लिहिणाऱ्यानें एका नांवाच्या अनेक गांवांचा घोळ मिटवावा, हें वरवर पाहतां विचित्र वाटतें. परंतु दुहेरी अर्थाची घडण ज्याच्या परिचयाची आहे, त्यालाच ती उकलण्याचें कामहि सोपें जात असावें.

काव्याला प्रिय असलेली ही द्व्यर्थता व्यवहाराला नकोशी होते, हें जुनेंच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकाच्या भाषा जन्मास आल्या आणि हा जुना प्रश्न एकाएकीं निकडीचा झाला. कारण आजवर ऐकणारा मनुष्य होता, आतां ऐकणारें यंत्र झालें.

आपल्या साहित्यशास्त्रानें येथें एक भेद फार पूर्वीं केलेला आहे. अकराव्या शतकांतल्या मम्मटानें ‘काव्यप्रकाश’ ग्रंथांत काव्याचे दोष सांगितले आहेत आणि त्यांत ‘संदिग्ध’ हा एक दोष आहे. त्याच ग्रंथांत ‘श्लेष’ हा अलंकार आहे. दोहोंतहि शब्द एक व अर्थ दोन. मग एक दोष व दुसरा अलंकार कां? उदाहरणानें हें लवकर उमजेल. “आईनें हसत येणाऱ्या मुलीला हाक मारली,” या वाक्यांत हसणारी आई कीं मुलगी? वाचकाला एक अर्थ निवडणें भाग आहे, आणि निवडण्यास आधार तर कांहींच दिलेला नाहीं. दोन्हीं अर्थ एकदम घेतले तरी पदरांत अधिक कांहीं पडत नाहीं. आतां “राजाचे कर प्रजेस भारी झाले नाहींत,” हें वाक्य घ्यावें. कर म्हणजे सारा, आणि कर म्हणजे हातहि. सारा हलका होता आणि हाताचा मारहि हलका होता. दोन्हीं अर्थ शेजारीं शेजारीं बसतात, एकमेकांना बळ देतात, आणि वाचकानें त्यांतला एक टाकून देण्याची गरज पडत नाहीं. संदिग्धतेंत वाचकाची अडवणूक होते. श्लेषांत त्याला एका दामांत दोन वस्तु मिळतात.

बोलणारा मनुष्य दिवसभर द्व्यर्थी शब्द वापरीत असतो आणि तरीहि त्याचें अडत नाहीं, याचें कारण काय? शास्त्रांतलें ठरलेलें उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचें आहे. सिंधु देशांत होणारें तें सैंधव. म्हणजे मीठहि आणि घोडाहि. जेवायला बसलेल्या धन्यानें सैंधव आण म्हटलें तर नोकर मीठ आणतो. प्रवासाला निघालेल्यानें म्हटलें तर घोडा आणतो. पानापुढें घोडा आणून उभा करणारा नोकर व्याकरणदृष्ट्या निर्दोषच ठरेल, पण नोकरींत राहणार नाहीं. सुमारें पांचव्या शतकांतल्या भर्तृहरीनें ‘वाक्यपदीय’ या ग्रंथांत अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ज्यांच्या योगानें ठरतो अशा गोष्टींची एक यादीच दिली आहे: कशाशीं संयोग आहे, कशापासून वियोग आहे, सोबतीला कोण आहे, विरोधाला कोण आहे, प्रकरण काय आहे, जवळ दुसरा शब्द कोणता आहे, औचित्य काय सांगतें, देश कोणता, काळ कोणता, स्वर कोणता. ही यादी आजच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढें ठेवली तर त्याला ती ओळखीची वाटेल. कारण यंत्राला मनुष्याची भाषा शिकविण्याच्या खटाटोपांत नेमक्या याच गोष्टी हिशेबांत घ्याव्या लागतात.

अर्थ असा ठरला म्हणजे काम संपलें, असें काव्याच्या बाबतींत मात्र होत नाहीं. नवव्या शतकांत काश्मीरांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि वाच्य अर्थाच्या मागें जो दुसरा अर्थ घुमत राहतो त्याला ‘ध्वनि’ म्हटलें. सूर्य मावळला, एवढेंच कोणी म्हणालें. शब्दांत कोठेंहि दुहेरीपणा नाहीं. तरी पण सेनापतीला त्यांत हल्ल्याची वेळ ऐकूं येते, प्रेमिकेला संकेतस्थळीं जाण्याची, मजुराला काम थांबविण्याची, ब्राह्मणाला संध्येची, गुराख्याला गुरें वळविण्याची आणि दुकानदाराला माल आवरण्याची. मम्मटानें या एका वाक्यावर असे अर्थ पाठोपाठ मांडून दाखविले आहेत, आणि ते वाचतांना त्यालाहि गंमत वाटली असावी असें वाटतें. येथें दोन अर्थांची झुंज नाहीं. अर्थ एकच, तो ऐकणाऱ्याच्या परिस्थितींत शिरून वाढतो.

यंत्राला परिस्थिति नसते. त्याला सांज होत नाहीं, त्याचीं गुरें रानांत नसतात, त्याला भूक लागत नाहीं आणि प्रवासाची घाईहि नसते. म्हणून त्याच्याशीं बोलावयाची भाषा मनुष्यानें मुद्दाम घडविली आणि त्या भाषेंत प्रत्येक वाक्याची फोड एकाच रीतीनें व्हावी असा दंडक घातला. हा दंडक पाळणें वाटलें होतें त्याहून अवघड निघालें.

त्यांतली एक अडचण तर आपल्या सभंग श्लेषाचीच सख्खी बहीण आहे. सभंग श्लेषांत अक्षरें तींच, पण शब्द तोडण्याची जागा बदलली कीं अर्थ बदलतो. कोल्हापुरापासून जवळच्या पन्हाळगडावर १७२९ सालीं जन्मलेल्या मोरोपंतांसारख्या पंडित कवींना यमकाश्लेषांची ही कसरत हातचा मळ होती. साधें उदाहरण घ्यावें: ‘तोवारकरी’. ‘तो वारकरी’ असें तोडलें तर पंढरीची वाट चालणारा सज्जन. ‘तो वार करी’ असें तोडलें तर शस्त्र चालविणारा. कागदावर शब्दांमध्यें मोकळी जागा असली तर शंका उरत नाहीं. पण मोडी लिहिणारे कारकून शब्दांमध्यें जागा सोडीत नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदहि बहुधा पाळीत नसत. ‘दिन’ आणि ‘दीन’ त्या लिपींत सारखेच दिसत. जुने कागद वाचणाऱ्याला म्हणूनच लिपि येऊन भागत नाहीं. त्याला प्रकरण ठाऊक असावें लागतें.

आतां गंमत अशी कीं, १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनींत जी ‘फोर्ट्रान’ भाषा तयार करून दिली, तिच्यांतहि मोकळ्या जागेला किंमत नव्हती. यंत्र सर्व अक्षरें सलग जोडूनच वाचीत असे. म्हणजे मोडीच म्हणावयाची. त्या भाषेंत ‘डू १० आय = १, १०’ असें लिहिलें तर त्याचा अर्थ असा कीं, दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचें काम ‘आय’ ची किंमत एकपासून दहापर्यंत वाढवीत पुन्हां पुन्हां करावें. परंतु स्वल्पविरामाच्या जागीं टिंब पडून ‘१.१०’ झालें, कीं यंत्र आधींचीं सगळीं अक्षरें एकत्र करून ‘डू१०आय’ नांवाची एक वस्तु कल्पितें आणि तिची किंमत एक पूर्णांक दहा शतांश ठरवून मोकळें होतें. तक्रार नाहीं, शंका नाहीं. त्या भाषेंत नवी वस्तु आगाऊ नोंदवावी लागत नसे. शिवाय, ‘डू’ ही आज्ञा आहे कीं नांवाचा तुकडा आहे, हें यंत्राला स्वल्पविरामापर्यंत पोंचल्यावांचून कळतच नाहीं. सभंग श्लेषाच्या वाचकाचीहि अगदीं अशीच गत होते, ओळीच्या शेवटीं येऊन त्याला आरंभ फिरून तोडावा लागतो. पुढें फोर्ट्रानच्या १९९० च्या आवृत्तींत मोकळ्या जागेला अर्थ देणारी नवी लेखनपद्धति आली. बाळबोध लिपीनें मोडीची जागा घेतल्यासारखेंच हें झालें.

या टिंबामुळें अमेरिकेचें एक यान बुडालें अशी कथा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती त्या यानाला लागू नाहीं. शुक्राकडे निघालेलें मरिनर-१ हें यान २२ जुलै १९६२ रोजीं उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत नष्ट करावें लागलें. त्याच्या बाबतींत जें कारण सामान्यतः सांगतात तें असें कीं, समीकरणांतील एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ पुढें उतरवितांना गळली. शिरोरेघेची सवय असलेल्या मराठी माणसाला याचें नवल वाटूं नये. आपल्याकडे याहून भयंकर आख्यायिका आहे: ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावें’ या हुकुमांतील ‘ध’ चा ‘मा’ केल्यानें तो झाला असें परंपरा सांगते. मात्र ‘ध’ चा ‘मा’ होणें आणि श्लेष होणें या गोष्टी भिन्न आहेत. पहिल्यांत अक्षर बदलतें, दुसऱ्यांत एकहि अक्षर न बदलतां अर्थ बदलतो. पहिल्याचा गुन्हेगार शोधतां येतो. दुसऱ्याचा शोधूं जावें तर कागद निष्कलंक असतो.

असा निष्कलंक कागद कसा घात करतो हें पाहण्यासाठीं कोल्हापूरच्या कोणत्याहि गुऱ्हाळावर जावें. मालक गड्याला सांगून जातो: “पाऊस आला तर, दादा घरीं असले तर गूळ आंत घ्यावा, नाहींतर ताडपत्री घालावी.” यांतील ‘नाहींतर’ कोणाचें? दादांच्या घरीं असण्याशीं तें जोडलें, तर पाऊस आला व दादा घरीं नसले म्हणजे ताडपत्री घालावयाची, आणि पाऊस नसला तर कांहींच करावयाचें नाहीं. पावसाशीं तें जोडलें, तर पाऊस नसतांना ताडपत्री घालावयाची. आणि पाऊस येऊन दादा घरीं नसले, तर गड्यानें स्वस्थ बसून गूळ भिजतांना पाहावयाचा! गड्याला कोणी व्याकरण शिकविलेलें नसतें, तरी तो पहिलाच अर्थ घेतो. त्याला गूळ ठाऊक आहे, पाऊस ठाऊक आहे, ताडपत्री कशासाठीं असते हें ठाऊक आहे. भर्तृहरीच्या यादींतलें औचित्य तें हेंच.

यंत्राला गूळ ठाऊक नाहीं. १९६० सालीं जाहीर झालेल्या ‘अल्गोल’ भाषेच्या व्याकरणांत हीच शंका निघाली आणि ‘लोंबकळणारें नाहींतर’ या अर्थाच्या नांवानें ती प्रसिद्ध पावली. पॉल अब्राहम्स यांनीं १९६६ सालीं तिच्यावर ‘अखेरचा उपाय’ म्हणून एक लेख लिहिला. अर्थात् तो अखेरचा ठरला नाहीं. पुढच्या भाषांनीं आपापल्या परी तोड काढली. १९७० नंतर लवकरच आलेल्या ‘सी’ भाषेनें सांगितलें कीं, ‘नाहींतर’ हें सर्वांत जवळच्या मोकळ्या ‘जर’ चें समजावें. कांहीं भाषांनीं प्रत्येक ‘जर’ ला शेवटीं ‘जर समाप्त’ असें कुलूप लावणें सक्तीचें केलें. १९९१ सालीं आलेल्या ‘पायथॉन’ नें ओळीच्या आरंभीं किती जागा सोडली आहे त्यावर नातें ठरविलें. ज्या मोकळ्या जागेला फोर्ट्राननें कस्पटासमान लेखलें होतें, तिलाच येथें न्यायाधीशाचें आसन मिळालें.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या उपायांनीं संदिग्धता नाहींशी झाली असें नव्हे. ती आगाऊ निकालांत काढली गेली. दोन अधिक तीन गुणिले चार, याचे अर्थ दोन होतातच. आधीं गुणाकार करावा असा संकेत जगानें मानला म्हणून उत्तर १४ येतें. संकेत बदलला कीं उत्तर बदललें. दोन गुणिले तीन अधिक चार, हें बहुतेक भाषांत १० होतें, पण ‘ए. पी. एल.’ नांवाच्या भाषेंत उजवीकडून डावीकडे हिशेब चालतो, म्हणून तेथें तें १४ होतें. उणे दोनचा वर्ग तर कोणत्याहि कचेरींत करून पाहतां येईल. ‘एक्सेल’ च्या चौकटींत उणे दोन लिहून वर दोनचा घात चढविला तर उत्तर येतें अधिक ४. तीच मांडणी पायथॉनमध्यें केली तर येतें उणे ४. एकानें उणें चिन्ह दोनाला आधीं चिकटविलें, दुसऱ्यानें वर्ग आधीं केला. दोन्हीं यंत्रें आपापल्या नियमाशीं पूर्ण प्रामाणिक आहेत. फसतो तो एकीकडचा हिशेब दुसरीकडे उचलून नेणारा मनुष्य, आणि त्याला फसल्याची खूणहि दिसत नाहीं, कारण पडद्यावर चूक म्हणून कांहींच उमटत नाहीं.

नियमांची टक्कर झाली असतां कोणता चालवावा, हें आगाऊ सांगून ठेवण्याची कल्पना मात्र संगणकाची नव्हे. पाणिनीनें अष्टाध्यायींत सारख्या बळाचे दोन नियम एकाच जागीं लागूं पाहत असतां क्रमानें पुढें येणारा नियम चालवावा, असा नियमांवरचा नियम घालून ठेवला आहे. बॅकस यांनीं संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याची जी सांकेतिक पद्धति काढली, तिच्याशीं पाणिनीच्या पद्धतीचें साम्य पाहून पीटर इंगरमन यांनीं १९६७ सालीं तिला ‘पाणिनि-बॅकस पद्धति’ म्हणावें असें सुचविलें होतें. येथवर अभिमान रास्त आहे. परंतु संस्कृत ही संगणकाला सर्वोत्तम भाषा असल्याचें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें जाहीर केलें आहे, असें जें घरोघर सांगितलें जातें, त्याचें मूळ एवढेंच कीं, त्या संस्थेच्या संशोधनकेंद्रांत काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनीं १९८५ सालीं एका नियतकालिकांत लेख लिहून शास्त्रीय संस्कृतांतील वाक्यविवरणाची पद्धति यंत्राला ज्ञान पुरविण्याच्या कामीं उपयोगी पडेल असें म्हटलें. तो एका संशोधकाचा लेख होता, संस्थेचा ठराव नव्हता. आणि त्याचा विषय शास्त्रकारांचें काटेकोर संस्कृत होता. कवींच्या संस्कृतानें तर एकाच काव्यांत रामाची व पांडवांची कथा एकदम सांगितली आहे. कविराजाचें ‘राघवपांडवीय’ प्रसिद्धच आहे. तसेंच सोळाव्या शतकांत गोदातीरच्या पार्थपुरांत राहणाऱ्या सूर्य पंडितानें, जो ‘लीलावती’ वर टीका लिहिणारा गणिती होता, उजवीकडून वाचल्यास कृष्णाचें व डावीकडून वाचल्यास रामाचें वर्णन निघेल असें विलोमकाव्य रचलें. असें संस्कृत यंत्रापुढें ठेवलें तर यंत्रानेंच संन्यास घ्यावा.

श्लेष संगणकाच्या भाषांतून हद्दपार झाला आहे, असेंहि समजूं नये. अधिकाचें चिन्ह घ्यावें. दोन संख्यांमध्यें आलें तर तें बेरीज करतें. दोन शब्दांमध्यें आलें तर अनेक भाषांत तें त्यांची जोडणी करतें. म्हणजे जवळ कोण उभें आहे त्यावर अर्थ ठरतो, सैंधवासारखाच. १९९५ सालीं आलेल्या ‘जावास्क्रिप्ट’ भाषेंत अवतरणचिन्हांतील १ आणि साधा १ यांची बेरीज केली तर ११ मिळतात. पण अवतरणांतील ५ मधून साधे २ वजा केले तर मुकाट्यानें ३ मिळतात. अधिकाला दोन अर्थ आहेत, उण्याला एकच आहे, म्हणून हा प्रकार. प्रोग्रॅमर मंडळी यावर हंसतात. परंतु एखाद्या दुकानाच्या बिलांत रकमा बेरजेऐवजीं एकीपुढें एक चिकटल्या तर गिऱ्हाइकाला हंसूं येणार नाहीं.

यंत्र बोलणाऱ्याचें मन पाहत नाहीं, उच्चारलेलें तेवढेंच पाहतें, या गोष्टीचें भय आपल्या परंपरेनें एका कथेंत घालून ठेवलें आहे. इंद्रानें त्वष्ट्याचा पुत्र मारला. सूड घेण्यासाठीं त्वष्ट्यानें यज्ञ मांडला आणि इंद्राला मारणारा उत्पन्न व्हावा या हेतूनें ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. या समासाचे विग्रह दोन. अंत्य अक्षरावर स्वर दिला तर ‘इंद्राचा मारणारा’. आद्य पदावर दिला तर ‘इंद्र ज्याचा मारणारा आहे तो’. स्वर चुकला. यज्ञानें उच्चारलेलें खरें केलें, वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं व्याकरण कां शिकावें हें सांगतांना ही कथा दिली आहे. यज्ञाच्या जागीं संगणक ठेवला तर कथेंतला एक शब्दहि बदलावा लागत नाहीं: त्वष्ट्याचा हेतु कोणालाहि स्पष्ट दिसत होता, आणि त्याचा कांहींएक उपयोग झाला नाहीं.

व्याकरण आधींच तपासून त्यांत अशी द्व्यर्थता राहिली आहे कीं नाहीं हें यंत्राकडूनच ठरवून घ्यावें, असें कोणालाहि सुचेल. येथें गणितानें वाट अडविली आहे. संगणकाच्या भाषा ज्या वर्गाच्या व्याकरणांनीं सामान्यतः मांडतात, त्या वर्गांतलें कोणतेंहि व्याकरण पुढें ठेवलें असतां तें संदिग्ध आहे कीं नाहीं हें बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूं शकत नाहीं, असें १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांतच सिद्ध झालें. विशिष्ट व्याकरणांची खात्री करून घेतां येते, आणि भाषा घडविणारे अशाच तपासतां येणाऱ्या व्याकरणांच्या कुंपणांत राहतात. परंतु सर्वांना पुरी पडेल अशी कसोटी नाहीं.

काव्यावरहि एकच अर्थ लादण्याचे प्रसंग येतात. इंग्रज समीक्षक विल्यम एम्प्सन यांनीं १९३० सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, संदिग्धतेचे सात प्रकार मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध करून काव्याचें बळ पुष्कळदां याच गुणांत असतें असें दाखविलें. आपल्याकडे बाळ सीताराम मर्ढेकर, जे स्वतः नभोवाणीच्या नोकरींत होते, त्यांचा ‘कांहीं कविता’ हा संग्रह १९४७ सालीं आला आणि त्यांतील कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायासनासमोर कवितेचा अर्थ काय हें विचारलें जातें तेव्हां ‘अनेक’ हें उत्तर चालत नाहीं. गुन्हा आहे कीं नाहीं, एवढेंच विचारलेलें असतें. मर्ढेकर निर्दोष सुटले. पण ज्या ओळी मुद्दाम दुहेरी ठेवल्या, त्यांच्यावर एकेरी निशाणी करून घेण्याची ती खटपट अल्गोलच्या व्याकरणकारांनाहि परिचयाची वाटली असती.

आतां प्रकरणानें नवें वळण घेतलें आहे. अलीकडचीं यंत्रें मराठी वाक्य जसेंच्या तसें घेऊं लागलीं आहेत. गुऱ्हाळावरचें वाक्य त्यांच्यापुढें टाकलें तर तीं ‘नाहींतर’ कोणाचें म्हणून अडून बसत नाहींत. लाखों वाक्यें वाचून झाल्यामुळें पाऊस, गूळ आणि ताडपत्री यांचें साहचर्य त्यांना पाठ झालेलें असतें आणि तीं बहुधा गड्यासारखाच अर्थ घेतात. हा मोठाच पल्ला आहे. परंतु जुनें यंत्र न कळलें तर थांबत असे किंवा ठरलेल्या नियमानें जात असे. हें नवें यंत्र अदमास बांधतें, आणि अदमास बांधला आहे हें दर वेळीं सांगतेंच असें नाहीं. त्याला ‘तोवारकरी’ चें इंग्रजी करावयास सांगितलें तर बहुधा पंढरीचा वाटसरू भाषांतरांत उतरेल आणि शस्त्र चालविणारा मूळांतच राहील. भाषांतर वाचणाऱ्याला तो कधीं होता हेंसुद्धां कळणार नाहीं. कवितेचें नुकसान एवढ्यावर भागेल. पण एखाद्या वृद्धानें अशा यंत्राकडून मृत्युपत्राचा मसुदा करवून घेतला, “उचगांवची जमीन धाकटीला” एवढेंच सांगितलें, आणि त्याची थोडी जमीन करवीरकडे व थोडी बेळगांवकडे असली, तर यंत्रानें दोहोंपैकीं अधिक प्रसिद्ध असलेलें उचगांव आपल्या मनानें लिहून टाकणें केव्हांहि वाईट. तलाठ्याचा सातबारा या बाबतींत अधिक शहाणा आहे; तेथें गांवाच्या नांवाबरोबर तालुका, जिल्हा व गट क्रमांक लिहिल्यावांचून उतारा पुरा होत नाहीं.